नियम कुठं वाकवायचा, कुठं नाही



या महिन्याचा अभ्यासपाठ बैठकीत मोठ्यानं वाचायचा आहे. अर्धा तास धरा. जिला वाचता येतं तिनं वाचावं, बाकीच्यांनी मध्ये थांबवून बोलावं, भांडावंसुद्धा. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकांत करा. पाठाचा विषयच तसा आहे: ठरवलेली गोष्ट परिस्थिती बघून बदलायची कशी, आणि बदलताना गट मोडू द्यायचा नाही तो कसा. अध्यक्ष, सचिव, उद्योग गटाच्या प्रमुख, सीआरपी ताई, तुम्ही सगळ्या कुठं ना कुठं चार बायकांचं काम पुढं नेता. म्हणून हा पाठ फक्त पदावरच्या बायकांसाठी नाही.

आधी माझी चूक सांगते. मी समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच कामाला लागले होते. दशसूत्री पाठ होती, रजिस्टर कसं तपासायचं ते येत होतं, आणि गट शिस्तीनं चालला की तो चांगला गट, एवढंच मला कळत होतं. एका गटाची बैठक दर शुक्रवारी दुपारी चार वाजता असायची. गैरहजर राहिलं की दहा रुपये दंड. सलग तीन बैठका चुकल्या की कर्जाचा नंबर मागं जायचा. नियम त्यांनीच केलेला, सगळ्यांच्या सह्यांचा. त्यात वावगं काही नव्हतं.

ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलं. तुम्हाला सांगायला नको, काढणीचं गुत्तं घेतलं की पहाटे घर सोडायचं आणि अंधार पडल्यावर यायचं. वर्षातले हेच काय ते दिवस, जेव्हा चार पैसे रोख हातात येतात. त्या गटातल्या पाच जणी गुत्त्यानं गेल्या आणि तीन शुक्रवार आल्या नाहीत. चौथ्या शुक्रवारी त्यातली एक ताई आली. मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती, पंधरा हजार पाहिजे होते. अध्यक्षबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

त्या ताईनं गावातल्या सावकाराकडून शेकडा पाचानं पैसे उचलले. हिशोब करा. पंधरा हजारावर महिन्याला साडेसातशे रुपये व्याज. गटाचं शेकडा दोनानं तीनशे झालं असतं. दर महिन्याला साडेचारशे रुपये जास्तीचे, आणि तेही ज्या महिन्यात मुद्दल फिटत नाही त्या महिन्यात नुसतेच गेले. दिवाळी झाली, तिनं आपली बचत काढून घेतली आणि गट सोडला. तिच्यापाठोपाठ आणखी दोघी गेल्या. नंतर अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "ताई, आम्हाला वाटलं तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच काहीतरी वाट काढाल."

हे वाक्य मला अजून टोचतं. ती ताई रस्त्यात भेटली की चहाला बोलावते, मुलीचं बरं चाललंय म्हणून सांगते. गटाचा विषय काढत नाही. मीही काढत नाही.

तर प्रश्न असा की मी काय करायला पाहिजे होतं? "बिचारी आहे, देऊन टाका" म्हणाले असते तर? आईला हा प्रसंग सांगितला (माझी आई वीस वर्षं गटात आहे), तर ती म्हणाली, तसं केलं असतंस तर पुढच्या शुक्रवारी उरलेल्या चौघींनी भांडण काढलं असतं, की आमचा दंड मग कशाला घेतला. आणि ते खरंच आहे. म्हणजे नियम धरून बसले तरी गट फुटला, सोडून दिला असता तरी फुटला असता. मग तिसरं काय?

ते तिसरं काय हे समजायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपल्या किल्लारीच्याच गोष्टीत ते आहे.

माझा जन्म भूकंपानंतरचा. तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांना मी ती रात्र सांगावी असं काही नाही. पण नव्या सुना आणि मुली गटात आल्या आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. आपल्या भागातली घरं तेव्हा दगड-मातीची होती, वर माळवद. भिंत दोन-अडीच फूट रुंद, पण ती एक भिंत नव्हेच. बाहेरच्या अंगाला दगडाचा एक पदर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये माती आणि गोट्यांची भर. दोन्ही पदर बांधून ठेवणारा आरपार दगड नसायचा. जमीन हलली तशी भिंत मधून उकलली आणि माळवदाची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

त्यानंतर घरं बांधायचं काम दोन वेगळ्या पद्धतींनी झालं. यातच आपला आजचा धडा आहे, म्हणून इथं जरा थांबून ऐका.

पहिली पद्धत: जी गावं पूर्ण पडली, किल्लारीसारखी बावन्न, ती नव्या जागेवर वसवली. सरकारनं, संस्थांनी, देणगीदारांनी घरं बांधून दिली. घरं पक्की होती, त्याबद्दल वाद नाही. पण गावाचा नकाशा वरून आला. सरळ रांगा, रुंद रस्ते, शहरातल्या कॉलनीसारखं. बहुतेक ठिकाणी भावकीतली घरं लांब लांब गेली. गुरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, चूल कुठं मांडायची, याचा विचार नकाशात फारसा नव्हता. शेत लांब पडलं. मग लोकांनी काय केलं? घर मिळाल्यावर आपापल्या परीनं त्याला शेड काढली, पत्रे टाकले, चुलीला आडोसा केला, परसात गोठा घातला. आजही नव्या गावांतून फिरलं की हे दिसतं. योजना वाकली नाही, म्हणून माणसांनी नंतर ती वाकवून घेतली, स्वतःच्या खर्चानं.

दुसरी पद्धत: जिथं घरं अर्धवट पडली किंवा तडे गेले, अशी शेकडो गावं होती. तिथं लोक आपल्याच जागेवर राहिले. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या सरकारी कार्यक्रमात त्यांना दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी टप्प्याटप्प्यानं मदत मिळायची आणि काम घरमालकानं स्वतः करून घ्यायचं. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात लोकांना मदत किती, ती कधी मिळणार, इंजिनिअर काय तपासणार, काही कळत नव्हतं. इंजिनिअर म्हणायचे, दगडाची भिंत नीट बांधली तर टिकते, आरपार दगड घाला, माळवदाची माती उतरवा, भिंतीवर सिमेंटचा पट्टा घ्या. लोक म्हणायचे, ज्या दगडानं माझी पोरं नेली तो दगड मला घरात नको. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं होत नव्हतं.

इथं गावातल्या बायका पुढं आल्या. प्रेमा गोपालन यांनी सुरू केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाचं काम मिळालं होतं. तिनं हजाराहून अधिक गावांत महिला मंडळातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. काम काय? घरोघर जायचं, मदतीचे टप्पे समजावून सांगायचे, लोकांचं म्हणणं इंजिनिअरकडं न्यायचं, इंजिनिअरचं म्हणणं लोकांच्या भाषेत परत आणायचं, गावात बैठक घ्यायची, बांधकामावर नजर ठेवायची. यातल्या बहुतेकींनी तोवर घराबाहेरचं जाहीर काम केलेलं नव्हतं. त्यांना सिमेंट-वाळूचं प्रमाण शिकावं लागलं, सळई बघायला शिकावं लागलं, पुरुषांच्या बैठकीत उभं राहायला शिकावं लागलं. अनेक घरांनी शेवटी जुन्या भिंती मजबूत करण्याऐवजी त्याच पैशातून एक पक्की नवी खोली बांधली. इंजिनिअरच्या मनात हे नव्हतं. पण माणसं ज्या घरात निर्धास्त झोपू शकत नाहीत ते घर कागदावर मजबूत असून काय उपयोग, हे बोलणं पुढं नेणारं कुणीतरी गावात लागतं.

आता पुढचं बघा. १९९८ च्या सुमारास हा कार्यक्रम संपला. संवाद सहायक हे कामच उरलं नाही. तुमच्या गटाचं मुख्य काम एका दिवसात संपलं तर तुम्ही काय कराल? त्या बायकांकडं दोन गोष्टी होत्या. गावागावांत ओळख, आणि दर महिन्याला एकत्र बसायची सवय. त्यावर बचत आणि कर्जाचं काम उभं राहिलं. पुढं १९९९ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, २००१ मध्ये कच्छला, २००४ च्या डिसेंबरात तमिळनाडूला त्सुनामी आली. लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथंसुद्धा गेल्या. भाषा येत नव्हती, पण घर पडलेल्या बाईशी काय बोलायचं ते येत होतं. शिकणाऱ्या बाईची शिकवणारी झाली.

मग दुष्काळ आले. २०१६ चा उन्हाळा तर तुम्हाला आठवतच असेल. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, एप्रिलमधली पहिली 'जलदूत' गाडी दहा वाघिण्यांची, पाच लाख लिटरची. आपल्या संघातल्या जुन्या ताया सांगतात की त्या उन्हाळ्यात काही गटांनी टँकरच्या रांगेत उभं राहून बचत गोळा केली, कारण बायका दुसरीकडं कुठं सापडायच्याच नाहीत. याच दुष्काळाच्या वर्षांत त्या भूकंपातून पुढं आलेल्या बायकांनी शेतीत हात घातला. पद्धत अशी: घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा, त्यात काय पेरायचं ते बाईनं ठरवायचं, नगदी पिकाऐवजी डाळी, ज्वारी-बाजरी, भाजीपाला असं मिश्र पीक, कमी पाण्याचं, आधी घरच्या ताटासाठी. आपल्याकडं याला 'एक एकर शेती' म्हणतात. या कामासाठी २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार स्वयं शिक्षण प्रयोगाला मिळाला.

बांधकाम, बचत, दुसऱ्या राज्यात जाऊन शिकवणं, शेती. पंचवीसेक वर्षांत चार वेळा काम बदललं. मी हे सगळं अशासाठी सांगितलं की तुम्ही एक गोष्ट शोधावी: या चारही कामांत काय बदललं नाही? इथं वाचन थांबवा आणि पाच मिनिटं बोला.

बोलून झालं? मला जे दिसतं ते सांगते, तुमचं वेगळं असू शकतं. बसणं बदललं नाही. म्हणजे जे ठरायचं ते चार बायकांसमोर ठरायचं. विचारणं बदललं नाही, आधी घरोघर ऐकायचं आणि मग सांगायचं. बाकी सगळं बदललं: कामाचा विषय, वेळ, जागा, कोण पुढं आणि कोण मागं.

यावरून माझ्या शुक्रवारच्या प्रसंगाकडं परत येऊ. मी दोनच गोष्टी डोळ्यासमोर धरल्या होत्या. नियम पाळणं किंवा सवलत देणं. तिसरी गोष्ट आहे बदल. सवलत आणि बदल यांत फरक काय? सवलत एका बाईला मिळते, ती अडचणीत आल्यावर मिळते, आणि अध्यक्षाच्या मर्जीनं मिळते. बदल सगळ्यांसाठी होतो, अडचण यायच्या आधी होतो, आणि बैठकीत होतो. सवलत घेणारी बाई कायम ओशाळी राहते, आणि न मिळालेली धुसफुसत राहते. बदलात कुणी कुणाच्या उपकाराखाली नसतं.

दुसऱ्या एका गावातल्या अध्यक्ष मावशींनी मला हे करून दाखवलं. शाळा चौथीपर्यंत. पोळ्याच्या आसपासची बैठक होती, सोयाबीन अजून हिरवंच होतं. त्या म्हणाल्या, "काढणी येतीय. शुक्रवारची चार कुणालाच जमणार नाही. आत्ताच बोला, मग कुरकुर करू नका." मग तासभर कलकलाट झाला. एक म्हणाली दोन महिने बैठकच नको. मावशी म्हणाल्या, "बैठक नाही म्हणजे गट नाही. वेळ सांगा." शेवटी ठरलं ते त्यांनी सचिवाकडून लिहून घेतलं. मी ते उतरवून आणलं आहे, कारण ठराव कसा लिहावा याचा तो चांगला नमुना आहे:

"आजच्या बैठकीत सर्वानुमते ठरले की, सोयाबीन काढणीमुळे १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर या काळात गटाची बैठक शुक्रवारी दुपारी ४ ऐवजी रात्री ८ वाजता मारुतीच्या पारावर होईल. कामामुळे येऊ न शकणाऱ्या सदस्याने बचत व हप्ता शेजारच्या सदस्याकडे पाठवावा. अशी रक्कम आल्यास दंड लागणार नाही. कर्जाचा निर्णय मात्र निम्म्याहून जास्त सदस्य समोर हजर असतानाच होईल. १ डिसेंबरपासून पूर्वीचीच वेळ व पूर्वीचाच दंड लागू राहील."

यात बघा. का बदलतोय ते लिहिलंय. कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलंय. काय सैल केलं ते लिहिलंय, आणि काय सैल केलेलं नाही तेही लिहिलंय. तारीख नसलेला बदल हळूहळू नवा नियम होऊन बसतो. "काढणीपुरतं" म्हणून रात्रीची झालेली बैठक पुढं तीन वर्षं रात्रीचीच राहिलेला गट मी पाहिला आहे, आणि त्यात दोन तरुण सुना येऊच शकत नव्हत्या, कारण रात्री त्यांना घरून सोडत नव्हते. कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणून वेळ बदलताना एक प्रश्न मोठ्यानं विचारा: या नव्या वेळेनं कोण बाहेर पडतंय?

आता उलट बाजू. आपल्याकडं "ताई फार समजून घेतात" अशा अध्यक्ष असतात. मला त्या आवडतात, पण त्यांच्या गटाचं रजिस्टर बघताना माझा जीव वर-खाली होतो. असाच एक गट. अध्यक्षबाई मनानं मोठ्या. एका सदस्येचा रात्री फोन आला, दवाखाना आहे, दहा हजार पाहिजेत. यांनी गटाच्या पेटीतून सकाळी नेऊन दिले. नोंद नंतर करू म्हणाल्या. नंतर राहून गेलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या सदस्येनं तसाच फोन केला. पेटीत पैसे नव्हते, यांनी नाही म्हटलं. ती म्हणाली, "तिला मिळतात, मला का नाही?" आणि मग सगळ्यांना कळलं की पहिले दहा हजार कुठं लिहिलेलेच नाहीत. एक पैसा कुणी खाल्ला नव्हता. तरी तीन बैठका नुसत्या त्यातच गेल्या, आणि अध्यक्षबाई रडून पद सोडायला निघाल्या.

अडचण रात्री येते, बैठक शुक्रवारी असते. हे तर खरंच आहे. मग आधीच ठरवून ठेवा. त्या गटानं नंतर तेच केलं: दवाखान्यासाठी पाच हजारांपर्यंत रक्कम अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांपैकी दोघींनी मिळून लगेच द्यायची, त्याच दिवशी वहीत लिहायचं, घेणारीची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवायचं. आता रात्री फोन आला तरी अध्यक्षबाईंना झोप लागते.

करोनाच्या वेळीही हेच दिसलं. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. महाराष्ट्रभर बचत गटांच्या बायकांनी शिलाई मशीन काढून मास्क शिवले. ज्या गटांत कुणी किती शिवले, कापड कुणी आणलं, पैसे कुणाला किती याची साध्या वहीत तरी नोंद होती ते निभावले. जिथं "नंतर बघू" होतं तिथं नंतर फक्त भांडणच बघावं लागलं.

आता थोडं कामाच्या जागेबद्दल. आपल्या बऱ्याच गटांचे मसाला, शेवया, डाळ असे उद्योग आहेत. तिथं प्रमुख बाईला रोज वेगवेगळ्या माणसांशी वागावं लागतं. कॉलेजात आम्हाला पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या दोन अमेरिकन अभ्यासकांचा विचार शिकवला होता. १९६९ सालचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सगळ्यांना एकाच पद्धतीनं चालवता येत नाही. अगदी नव्या माणसाला नेमकं सांगावं लागतं. थोडं येऊ लागलं की का ते समजावावं लागतं. काम येतं पण धीर होत नाही, अशा माणसाला विचारात घेऊन सोबत चालावं लागतं. आणि जिला काम पूर्ण येतं तिच्यावर सोपवून बाजूला व्हावं लागतं.

परीक्षेत मी हे लिहून चांगले मार्क मिळवले. कळलं मात्र एका मसाला गटात. तिथं प्रमुख ताई सगळ्यांना सारखंच वागवायच्या, म्हणजे सगळ्यांच्या मागं उभं राहून सूचना द्यायच्या. नव्या मुलीला ते बरं वाटायचं. पण तीस वर्षं मिरची भाजलेल्या मावशींना "गॅस कमी करा, हलवत राहा" म्हटलं की त्या गप्प होऊन जायच्या. एक दिवस मावशी आल्याच नाहीत. प्रमुख ताईंना वाटलं आजारी असतील. त्या आजारी नव्हत्या. ताईंनी घरी जाऊन विचारलं तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, "मला वास आला की कळतं गं." दुसऱ्या दिवसापासून भाजण्याचं काम पूर्ण मावशींवर, आणि नवी मुलगी मावशींच्या हाताखाली. ताई आता ऑर्डर आणि हिशोब बघतात, जे त्यांना खरंच चांगलं जमतं. स्वतःची जागा थोडी सोडणं हे प्रमुख बाईला जड जातं. मला स्वतःला अजून जातं. गटात गेले की पाच मिनिटांत माझ्या हातात पेन असतो, आणि सचिव ताई माझ्याकडं बघत बसते.

एक गोष्ट उरली. कुठलीही बाई मत बदलायला घाबरते, कारण लोक म्हणतील, "काल एक बोलली, आज एक." यावर सोपा उपाय मावशींकडून शिकले. त्या सरळ म्हणतात, "मागच्या महिन्यात मी असं म्हणाले होते. ते जमलं नाही. आता असं करून बघू, पटतं का बघा." कुणी त्यांना चंचल म्हणत नाही. कारण बदललं काय आणि का, हे त्या स्वतःच सांगतात, दुसऱ्याला शोधून काढायची वेळ आणत नाहीत.

आता तुमचं काम. खालचे तीन प्रसंग घ्या, गटात दोन बाजू करून बोला. एक बाजू म्हणेल नियम ठेवा, दुसरी म्हणेल बदला. मग मिळून ठराव लिहा, तारखेसकट.

एक: तुमच्या गटातल्या तिघी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. या काळात त्यांची बचत, हप्ता आणि कर्जाचा नंबर यांचं काय?

दोन: सचिव ताईंना मुलगा झाला आहे, चार महिने त्या येऊ शकत नाहीत. लिहिता येणारी दुसरी एकच सदस्य आहे, पण तिची आणि अध्यक्षांची घरं जवळच्या भावकीतली आहेत, म्हणून बाकीच्या कुरकुरतात.

तीन: शेवयांची मोठी ऑर्डर आली आहे, पण पंधरा दिवसांत पाहिजे. नेहमीप्रमाणे सगळ्यांना पाळीनं काम दिलं तर होणार नाही. चार हुशार हातांना दिलं तर होईल, पण मजुरी त्यांनाच जास्त जाईल.

तिसऱ्या प्रसंगाला माझ्याकडंही पक्कं उत्तर नाही. आपल्या संघात यावर दोन वेळा जोरात वाद झाला आहे. एका गटानं मजुरी नगावर दिली आणि नफ्यातला वाटा मात्र सगळ्यांना सारखा ठेवला. दुसऱ्या गटानं ऑर्डरच सोडली. दोन्ही गट आजही चालू आहेत.

लिहिलेले ठराव येत्या २५ तारखेपर्यंत आपल्या सीआरपी ताईंकडं द्या. अक्षर कसंही चालेल. निवडक ठराव पुढच्या अंकात छापू, गटाचं नाव घालायचं की नाही ते तुम्ही कळवा. आणि हो, ऊसतोडीचा प्रसंग सोडवताना ज्या स्वतः जाऊन आल्या आहेत त्यांना आधी बोलू द्या.